मित्र अचानक गेला, दहाव्याला कावळा शिवला नाही, आणि आता देवापुढं हात जोडवत नाहीत

कृष्णाकाठचा

मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. माझा शाळेपासूनचा जिगरी दोस्त गेल्या महिन्यात गेला. वय ४३. सांगलीत स्वतःचं कृषी सेवा केंद्र, दारू नाही, तंबाखू नाही, रोज सकाळी बॅडमिंटन. त्या दिवशी पण कोर्टवरच होता, गेम संपला, पाणी प्यायला बाकावर बसला आणि बसल्या जागी कलंडला. सोबतच्यांना वाटलं चक्कर आली, कुणी कांदा आणायला पळालं, कुणी तळपाय चोळले, मग गाडीत घालून मिरजेला नेला, पण तोवर सगळं संपलं होतं. मी पुण्याहून पोचलो तेव्हा दारात तिरडी बांधत होते. आई-वडलांच्या पिढीतल्या खूप जणांना खांदा दिलाय, पण ज्याच्या सायकलवर डबलसीट बसून क्लासला गेलो त्याला खांदा देणं हे वेगळंच आहे, ते अजून अंगातून जात नाही. आमच्या बॅचमधला हा पहिला. ग्रुपवर सगळे एकदम गप्प झालेत, प्रत्येकजण आतून आपापलं वय मोजतोय हे कळतं.

त्यात भेटायला येणारा प्रत्येकजण काहीतरी बोलतोच. चांगली माणसं देवाला पण हवी असतात. दत्तगुरूंनी जवळ बोलावलं. पूर्वसंचित असतं एकेकाचं. हे त्याच्या बायकोसमोर, नववीतल्या पोरीसमोर. मला तिथून उठून जावंसं वाटायचं, कारण जो देव आवडला म्हणून ४३ व्या वर्षी पोरीचा बाप नेतो त्याला मी हात का जोडू हे मला कुणी सांगेना.

आणि हात जोडणाऱ्यातलाच आहे हो मी. दोस्ताचा पौर्णिमेला नरसोबावाडीचा नेम होता, चुकवायचा नाही, मी सांगलीत असलो की मागे बसून जायचो. पुराच्या दिवसात दक्षिणद्वार सोहळा झाला की पहाटेच फोन, पाणी पादुकांवरून दक्षिण दारातनं बाहेर पडायला लागलंय, चल. त्या गढूळ थंडगार पाण्यात गळ्यापर्यंत उभं राहून तो डोळे मिटून दिगंबरा दिगंबरा म्हणायचा आणि मला मागून पाठीला हात लावून धरायचा, कारण मला पोहता येत नाही. माझी श्रद्धा म्हणजे एवढंच होतं बहुतेक, तो शेजारी उभा असायचा. आता घरात देवापुढं उभा राहिलो की काहीच वाटत नाही. राग पण नाही, नुसतं रिकामं.

आता मुख्य विचारायचंय ते. दहावा हरिपूरला संगमावर झाला. कावळा शिवेना. ऊन चढत गेलं, भावानं सांगितलं दुकान बंद पडू देणार नाही, मेव्हण्यानं सांगितलं पोरीचं शिक्षण बघतो, मित्रांपैकी प्रत्येकानं हात जोडून काही ना काही शब्द दिला, कावळे समोरच्या झाडावर बसलेले पण खाली येईनात. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी पुरा केला. तेव्हापासून काकू, म्हणजे त्याची आई, एकच घेऊन बसल्यात, माझ्या लेकराचा जीव कशात तरी अडकलाय. जेवत नाहीत नीट. मला फोन करून विचारतात, तुला काही बोलला होता का रे? मी काय सांगू त्यांना? माझा स्वतःचाच विश्वास डळमळलेला असताना त्यांना कुठल्या तोंडानं धीर देऊ? ज्यांच्या बरोबरीचं माणूस असं गेलंय त्यांनी पुढं काय केलं, देव परत आला का त्यांच्याकडं, जरूर लिहा.

वाचकमात्र

वाचलं. पोर नववीत आहे हे वाचून थांबलो. सध्या बोलायला शब्द नाहीत पण तुमचं पूर्ण वाचलं एवढं सांगायला लिहितोय.

माळकरी_पंढरपूर

दादा, आधी त्या वाक्यांबद्दल. देवाला आवडला वगैरे लोक बोलतात ते बहुतेक वेळा स्वतःची भीती घालवायला बोलतात, ते मनावर घेऊ नका. माझ्या गळ्यात माळ आहे, मी वारी करतो, पण मी कुणाच्या दारात जाऊन हे बोलत नाही आणि आमच्या फडावरच्या जुन्या माणसांनी पण कधी बोलू दिलं नाही.

तुमच्यासारखी बरोबरीचं माणूस गेल्याची वेळ नामदेव महाराजांवर आलेली. माउलींनी १२९६ साली आळंदीत समाधी घेतली तेव्हा माउलींचं वय २१ आणि नामदेवराय पाचेक वर्षांनी मोठे, दोघं तीर्थयात्रेला बरोबर फिरलेले. आता तुम्ही म्हणाल तिथं तर ठरवून घेतलेली समाधी, अचानक नव्हे, बरोबर आहे. पण समाधीचं वर्णन नामदेवरायांनी केलंय त्यात ते कुठं शहाणपण शिकवत नाहीत, तळमळतात. निवृत्तिनाथ तर थोरले भाऊ आणि गुरू, त्यांचा पण धीर सुटलेला तिथं दिसतो. दरवर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधी सोहळ्याचं कीर्तन होतं, ते नामदेवरायांच्या वंशातले नामदास महाराज करतात, तिथं एकदा जाऊन उभे रहा. सातशेच्या वर वर्षं झाली आणि तरी मंडपात म्हातारीकोतारी, तरणी पोरं, टाळकरी सगळे हुंदके देऊन रडत असतात जणू आज सकाळी घडलंय. कुणी कुणाला गप्प करत नाही. आमच्या संप्रदायानं हे रडणं जपून ठेवलंय, ते श्रद्धेच्या विरुद्ध आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

आणि पुढं बघा, नामदेव महाराज १३५० पर्यंत राहिले. म्हणजे दोस्त गेल्यावर पन्नासच्या वर वर्षं. त्या काळात उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले, त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. मागे राहिलेल्या माणसाचं आयुष्य पण मोठं असतं हे मला तिथून कळलं.

काकूंचं म्हणाल तर त्यांना शास्त्रातलंच सांगा. ज्यांनी कावळा सांगितला त्यांनीच दर्भाचा कावळा सांगितलाय. कावळा रोज येणार नाही हे त्यांना माहीत होतं म्हणून विधीतच सोय करून ठेवली. गुरुजींनी काही पळवाट काढलेली नाही, पिंड पोचला, असं स्वच्छ सांगा.

विवेकी_वाट

मी देव मानत नाही आणि पुनर्जन्म पण मानत नाही, तरी लिहितेय कारण मैत्रीण गमावलीय. वय ३८, ब्रेन हॅमरेज, दोन दिवस व्हेंटिलेटर, मग डॉक्टरांनी ब्रेन डेड सांगितलं. तिच्या नवऱ्यानं त्या अवस्थेत अवयवदानाला होकार दिला, मी बाहेरच्या बाकड्यावर त्याच्या शेजारी बसून फॉर्म वाचत होते, त्याला अक्षरं दिसत नव्हती म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवला. किडनी, लिव्हर, डोळे दिले. कुणाला मिळाले ते कळत नाही आणि कळू नये हेच बरं. मी त्यानंतर कुठल्या देवळात गेले नाही पण तिच्या तारखेला दरवर्षी रक्तदान करते, आमच्या जुन्या ऑफिसातले बरेच जण येतात आता. ज्याला माणूस परत भेटणार नाही असं पक्कं वाटतं त्याला सुद्धा काहीतरी करावंसं वाटतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

कावळ्याबद्दल मात्र स्पष्ट बोलते. वैशाखात कावळ्यांचे विणीचे दिवस असतात, घरट्यात अंडी नाहीतर पिल्लं, त्यात घाटावर रोज पाच-सात पिंड ठेवले जातात म्हणजे पोट भरलेलं, आणि समोर पन्नास माणसं घोळका करून उभी. कावळा भयंकर सावध पक्षी आहे. नाही येणार तो. यात तुमच्या मित्राच्या इच्छेचा काही संबंध नाही. माळकरी दादांचा आदर ठेवून सांगते, दर्भानं चालतं असं सांगितलं की काकूंच्या डोक्यात कावळ्याचं महत्त्व तसंच राहतं, वर्षश्राद्धाला परत तोच जीवघेणा खेळ. मला वाटतं त्यांना खरं सांगावं.

ओपीडीनंतर

मी फिजिशियन आहे, देवाबद्दल माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही पण दोन गोष्टी इथं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिली, तुमच्या मित्राला झालं ते बहुतेक कार्डिअ‍ॅक अरेस्ट. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त देणारी नस बंद होणं, माणूस शुद्धीवर असू शकतो, छातीत दुखतं, घाम येतो. अरेस्टमध्ये हृदयाचा ठोका विस्कटतो, ते नुसतं थरथरतं, रक्त पुढं जात नाही, माणूस काही सेकंदात कोसळतो. चाळिशीत याचं सगळ्यात मोठं कारण नसांमधला आजारच असतो, आणि तो आपल्या लोकांना पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. कधी हृदयाचा स्नायू आनुवंशिक दोषामुळं जाड झालेला असतो ते कारण निघतं. रोज खेळणाऱ्याला होत नाही हा समज चुकीचा. ईसीजी नॉर्मल, स्ट्रेस टेस्ट नॉर्मल असलेल्या माणसाला पण होतं कारण फार अरुंद न झालेल्या जागेवरचा चरबीचा थर अचानक फाटतो आणि तिथं गुठळी होते.

अशा वेळी कांदा, तळपाय, पाणी काही नाही. हाक मारून हालचाल नाही, श्वास नाही किंवा नुसतं आचके दिल्यासारखं आहे, तर लगेच १०८ ला फोन आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरात दाबायला सुरुवात, मिनिटाला १०० ते १२०, पाच सेंटिमीटर तरी खोल, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. हे दाबणं म्हणजेच सीपीआर, ते नसेल तर प्रत्येक मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. कोर्टवरच्या मित्रांना हे दोषाच्या सुरात सांगू नका, कुणी शिकवलेलंच नसतं आपल्याकडं. पण शिकून घ्या, सगळ्या बॅचनं. एक संध्याकाळ लागते.

त्याचा भाऊ आहे म्हणालात, त्याला सांगा लिपिड प्रोफाइल, शुगर, बीपी, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि आयुष्यात एकदा करायची लायपोप्रोटीन ए ही रक्ताची टेस्ट करून घे. पुरुष ५५ च्या आत असा गेला तर तो घराण्याचा धोका धरतात. पोरीला पण बालहृदयरोग तज्ज्ञाला एकदा दाखवा.

दुसरी गोष्ट. पूर्वसंचित. माझ्यासमोर आयसीयूच्या दारात आया विचारतात, डॉक्टर, आमच्या हातनं काय पाप झालं असेल? त्यांना मी दरवेळी सांगतो आणि तुम्ही पण काकूंना सांगा, काही पाप नाही, नेम चुकला नाही, कुणाची नजर नाही. त्या विचारतात तेवढ्या वेळा सांगा. मी एकाच आईला एका रात्रीत किती वेळा सांगितलंय.

शिरोळकडची

माझे मिस्टर गेले तेव्हा ते ४० चे आणि मी ३५ ची. अ‍ॅक्सिडेंट. म्हणून पलीकडच्या बाजूनं लिहिते.

सगळ्यात आधी, दादा, तेराव्यानंतर गायब होऊ नका. तेरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते, चहाचं पातेलं उतरत नाही, आणि चौदाव्या दिवशी सकाळी घर इतकं शांत होतं की भांड्याचा आवाज नको वाटतो. मिस्टरांचे मित्र माझ्याशी काय बोलावं कळत नाही म्हणून येईनासे झाले, मला वाटायचं येऊन नुसतं पेपर वाचत बसा पण या. एकच मित्र यायचा, तो आला की मुलाच्या सायकलची चेन बघायचा, गॅसची नळी बदलायचा, निघून जायचा. त्यानं मला देवाबद्दल एक अक्षर सांगितलं नाही, त्याच्यामुळं मी उभी राहिले.

तुम्हाला करता येण्यासारखं भरपूर आहे. महापालिकेतून मृत्यूचे दाखले एकदम जास्त प्रती घ्या, प्रत्येक ठिकाणी मागतात. त्याच्या पासबुकात वर्षातून एकदा ४३६ रुपये कापल्याची एंट्री आहे का बघा, असेल तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची, २ लाख मिळतात, आमच्याकडं कुणालाच माहीत नव्हतं, मला बँकेतल्या शिपायानं सांगितलं. नॉमिनी आहे म्हणजे झालं असं समजू नका, बहुतेक ठिकाणी नॉमिनी फक्त पैसे हातात घेतो, हक्क वारसांचा असतो, त्यावरून घराघरात पुढं वाद होतात. कृषी सेवा केंद्राचे बी-बियाणं, खत, औषधाचे परवाने त्याच्या नावावर असणार, ते बदलल्याशिवाय माल उचलता येणार नाही, भाऊ शब्द देऊन बसलाय पण त्याला हे माहीत आहे का विचारा. आणि उधारीची वही. द्राक्षवाले, ऊसवाले सगळे सीझनला देतो म्हणून नेणारे. माणूस गेला की निम्मी उधारी विसरली जाते. तुम्ही चार मित्र वही घेऊन बसा, गाववार यादी करा आणि वहिनीला एकटीला वसुलीला पाठवू नका.

आता देवाचं. मी दोन वर्षं देव्हाऱ्याकडं बघितलं नाही. सासूबाई पूजा करायच्या, मी दार ओढून घ्यायचे. त्यात बांगड्या, कुंकू, हे सगळं माझ्या अंगावर झालं, देवाच्या नावानं झालं, मग त्या देवाचं तोंड का बघू? मे २०२२ मध्ये आमच्याच तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही, मग त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना सांगितलं. ती बातमी सासूबाईंनी मला वाचून दाखवली आणि उठून स्वतः माझ्या कपाळाला कुंकू लावलं. म्हणाल्या, माझं चुकलं होतं. त्या दिवशी मी देव्हाऱ्यात दिवा लावला. देव परत आला का ते मला नाही माहीत, पण सासूबाई माझ्याकडं आल्या आणि त्यांच्याबरोबर तो आला असावा. आता मी वाडीला जाते. मागत काही नाही.

वहिनींचं एक लक्षात ठेवा, आता जेठ लागला की वटपौर्णिमा. सगळी गल्ली नटून वडाला जाते, दारावरनं जाते. त्या दिवशी तिला घरात एकटीला ठेवू नका.

काकूंना कावळ्याचं विज्ञान पण सांगू नका आणि शास्त्र पण लगेच सांगू नका. विवेकी ताईंचं पटतं मला पण आत्ता नको. त्यांना विचारा, काकू तुम्हाला काय वाटतं, कशात अडकला असेल? आणि मग गप्प बसून ऐका. त्यांच्या मनात उत्तर तयार असणार.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचं नीट वाचलं, दोन-दोनदा. शनिवारी सांगलीला जाऊन आलो.

शिरोळच्या ताई, तुम्ही म्हणालात तसं विचारलं. काकू आधी काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, सकाळी पोहे केले होते रे, झाकून ठेवले, म्हटलं खाऊन जा, म्हणाला आल्यावर खातो आई. उपाशी गेला माझा. महिनाभर त्यांच्या मनात हेच होतं, कुणाला बोलल्या नव्हत्या. इस्टेट नाही, कर्ज नाही, पोहे. मी म्हटलं काकू, तो खेळायच्या आधी कधीच खायचा नाही, शाळेत पीटीच्या तासाला पण डबा नंतरच खायचा, तुम्हाला आठवतंय का, घरी परत आलेला डबा बघून ओरडायचा तुम्ही. तर त्यांना आठवलं. खूप रडल्या, मी पण. मग उठून पोहे केले आणि मला, वहिनीला आणि पोरीला वाढले, स्वतः पण खाल्ले. डॉक्टरांचं वाक्य पण सांगितलं, काही पाप नाही म्हणून, तर त्यांनी विचारलं, डॉक्टर म्हणाले असं? मी हो म्हटलं. परत विचारलं, परत हो म्हटलं.

पासबुकात ४३६ ची एंट्री सापडली. भावाला परवान्याचं काहीच माहीत नव्हतं, सोमवारी कृषी खात्यात जातोय. बॅचच्या ग्रुपवर सीपीआरचं टाकलं, सगळे एकदम बोलायला लागले, जागा आणि तारीख ठरतेय. उधारीची वही उघडली तर अक्षर बघून पुढं वाचवेना, दुसऱ्या मित्रानं वाचली, मी लिहून घेतलं.

माझं स्वतःचं म्हणाल तर अजून रिकामंच आहे. नामदेव महाराजांचं वाचून बरं वाटलं एवढं खरं, म्हणजे मी एकटा असा नाही. कार्तिकात आळंदीला येईन म्हणतो, माळकरी दादा, तुम्ही असाल का?

आणि वटपौर्णिमेचं वहिनीला विचारलं, ती म्हणाली वाडीला जाऊ, त्याचा नेम होता, पौर्णिमाच आहे. काकू आणि पोरगी पण येणार. मी हात जोडीन का नाही माहीत नाही पण गाडी मी चालवणार. काकूंचे गुडघे गेलेत, घाटाच्या पायऱ्या जमतील का आणि पौर्णिमेला गर्दी कधी कमी असते कुणाला माहीत असेल तर सांगा.

माळकरी_पंढरपूर

असणार. आळंदीला आलात की इथंच निरोप टाका.

शिरोळकडची

पौर्णिमेला गर्दी असतेच, पण सकाळी लवकर आलात तर ऊन पण नाही आणि रेटारेटी पण कमी. पायऱ्या आहेत, काकूंना एका बाजूनं धरून सावकाश उतरवा, मध्ये बसत बसत. जेठात अजून नदीला पाणी चढलेलं नसतं बहुतेक, तरी वर पाऊस झाला असेल तर निघायच्या आधी चौकशी करा. मी पण त्या दिवशी वाडीतच असते दरवर्षी, मला पण गल्ली नको वाटते. वहिनीला म्हणावं एक बाई भेटायला येईल, ओळख नाही म्हणून बिचकू नको. मेसेजमध्ये तुमचा नंबर द्या.